गाव सोडून जाणारा नायक आणि माझा मामा

रत्नागिरीच्या कॉलेजात मला मामाने घातले. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेले नव्हते. एस.टी.च्या टपावर माझी पत्र्याची ट्रंक त्यानेच चढवली. ते उपकार मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या वर्षी मराठीच्या सरांनी आम्हाला एक कादंबरी शिकवली. तिचा नायक गावाविरुद्ध एकटा उभा राहतो आणि शेवटी गावाकडे पाठ फिरवून निघून जातो. सर तो शेवट वाचताना वर्गात कोणी हलत नसे. मला मात्र सारखा मामा दिसायचा.

आमच्या गावात एका विधवेने जमिनीचा वाद गावकीपुढे न नेता कोर्टात नेला. गावकीने तिला वाळीत टाकले. तिचे शेत नांगरायला कोणी जाईना, तेव्हा मामा आपले बैल घेऊन गेला. मग त्यालाही वाळीत टाकले. पुढे ती बाई शेत तसेच टाकून मुंबईला भावाकडे निघून गेली. मामा राहिला.

सुट्टीत मी चुलीपाशी बसून मामीला कादंबरीची गोष्ट सांगितली. ती भाकरी थापत ऐकत होती.

"आणि त्याची बायको रे?"

"लग्न झालं नव्हतं त्याचं."

"तरीच," मामी म्हणाली. "सुटसुटीत माणूस."

मामा पडवीतून हसला. "भाच्या, त्याची लावणी कोण करायचा, ते लिहिलंय का?"

"तसं काही नाही त्यात."

"नसेल. मोठी माणसं ती."

आमच्याकडे भाताची लावणी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने जाऊन करतात. मामाकडे कोणी येईना. तो, मामी आणि मी चिखलात वाकत होतो. शेजारच्या शेतात बायका गाणी म्हणत होत्या. आम्ही दिसलो की त्या गप्प होत. निम्म्या शेतात त्या वर्षी नुसते गवत उगवले.

पण मामीला खरे लागले ते शिमग्यात. देवाची पालखी घरोघर जाते. मामीने अंगण सारवले, रांगोळी घातली, ओटीचे ताट तयार ठेवले. ढोल वळणापर्यंत आला आणि पलीकडच्या घराकडे वळला. संध्याकाळपर्यंत ती ताट घेऊन उंबऱ्यात बसली होती. त्यानंतर तिला जेवण जाईना. मामा रोज तिच्या पानाकडे बघायचा.

पुढच्या शिमग्याआधी मामा नारळ घेऊन देवळात गेला. मी बरोबर होतो. वडीलधाऱ्या मानकऱ्याने देवापुढे गाऱ्हाणे घातले. "लेकराची चूक झाली, ती पोटात घाल." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मला वाटत होते, मामा आता उठेल आणि सगळ्यांकडे पाठ करून बाहेर पडेल. तो खाली मान घालून म्हणाला, "व्हय म्हाराजा."

पालखी अंगणात आली. मामीने ओटी भरली. लोकांनी मामाला पुढे ओढून पालखीला खांदा द्यायला लावला. त्या दिवशी मामी पोटभर जेवली. पावसाळ्यात शेतात माणसे मावत नव्हती. लावणी दुपारीच आटोपली.

माझ्या शेवटच्या परीक्षेत बंडखोर नायकावर प्रश्न आला. सरांनी शिकवले होते तसेच मी उत्तर लिहिले. चांगले गुण पडले. सरांनी पाठ थोपटली. आज मी तीच कादंबरी शिकवतो, तिचा मोठेपणाही मला पटतो. शेवट वाचताना मात्र मला एक वेगळाच दिवस आठवतो.

पदवी घेऊन गावी गेलो होतो. देवळात गावकी बसली होती. मुलाने परस्पर लग्न केले म्हणून एका घराला वाळीत टाकायचे होते. मानकऱ्याने गाऱ्हाणे संपवले. मामा खांबाला टेकून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात मामाचाही आवाज होता, मला तो ओळखू आला.