मागचं सगळं धूसर

आमच्याकडे कॅमेरा म्हटलं की वाघ. मोहर्लीच्या गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते तेव्हा प्रत्येक गाडीतून लांबलचक लेन्सांची तोंडं बाहेर डोकावत असतात. मी तिथल्याच एका रिसॉर्टच्या ऑफिसात बसते, बुकिंग बघते. सफारीहून परतलेले पाहुणे चहा येईपर्यंत मला आपापला वाघ दाखवतात. "डोळे बघा, कसले आलेत!" मी बघते. छान म्हणते. माझा पगार त्या डोळ्यांतूनच निघतो, नाक मुरडून कसं चालेल?

माझ्या नवऱ्याला वाघानं नेलं, हे त्यांना माहीत नसतं. मीही सांगत नाही, उगाच त्यांच्या सुट्टीचा विचका कशाला. आमच्याकडे मोहफुलं वेचायची एक रीत आहे. एकानं वाकून वेचायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या मागं जंगलाकडे तोंड करून ताठ उभं राहायचं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं सगळे सांगतात. त्या सकाळी मला ताप होता, सासू माझ्या उशाशी बसली होती, आणि झाडाखाली फुलांचा सडा पडून वाया चालला होता. तो एकटाच गेला.

त्यानंतर मला लांबचं बघवेना. गावाच्या कुठल्याही टोकाला उभं राहिलं की समोर झाडांची काळी रांग दिसते. ती दिसली की मी मान खाली घालायची. ऑफिसात जाता-येता मी पायाखालचा रस्ता तेवढा बघायची. लोकांना वाटायचं, बाई फार शालीन झाली.

अशात एक पाहुणी बाई तिची एक वस्तू खोलीत विसरून गेली. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिमट्यानं बसवायचं छोटं भिंग होतं ते. फोन केला तर म्हणाली, "राहू द्या, तुम्हीच ठेवा." संध्याकाळी घरी ते फोनला लावलं आणि दोरीवरचा नवऱ्याचा शर्ट समोर होता म्हणून त्याच्या बटणाजवळ नेलं. बटणात हिरवा दोरा होता. पांढरा संपला म्हणून मीच कधीतरी हिरव्यानं लावलं होतं. पडद्यावर तो दोरा दोरखंडाएवढा झाला, त्याचे पीळ दिसले, बटणाच्या कडेला घासून पडलेले ओरखडे दिसले. आणि बटणाच्या मागं काहीच नव्हतं. अंगण, कुंपण, कुंपणापलीकडची झाडं, सगळं एका मऊ करड्या रंगात विरघळून गेलं होतं. कित्येक महिन्यांनी मला मोकळा श्वास घेता आला.

जवळून काढलेल्या फोटोची ओढ काय असते, असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. लोक म्हणतात, बारीकसारीक सौंदर्य दिसतं. दिसतंच. पळसाच्या पाकळीवर मखमलीसारखी लव असते, धानाचं फूल लोंबीतून जेमतेम डोकावून जातं, वाळल्या मिरचीची साल म्हाताऱ्या कातडीसारखी चुरगळलेली असते. पण मला खरं सुख व्हायचं ते बाकीचं जग पुसलं जायचं त्याचं. फूल आणि मी. जंगल नाहीच.

घरातल्या वस्तू संपल्या. खडेमीठ, तव्याची काजळी, विळ्याचा गंज, सगळं काढून झालं. फुलं मात्र बांधावर, आणि तिकडं एकटीनं जायची माझी छाती नव्हती. एका रविवारी सासूनंच काठी उचलली.

"चाल बाई. तू काढ फोटो. मी उभी राह्यतो."

तिनं मुलगा गमावला होता, मी नवरा. त्याबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी कधीच बोललो नाही. रविवारी बांधावर जायचं, एवढंच आमचं बोलणं. मी गवतात कोपर टेकून, श्वास रोखून फुलाशी झोंबत असायची आणि ती माझ्या मागं जंगलाकडे तोंड करून, काठी काखेत धरून उभी. मधेच माझं मन चरकायचं. मान न वळवता मी विचारायची, "आई, आहा ना?"

"मी आहो ना. तू काढ."

तेवढं पुरायचं. वर्षभर तेवढ्यावर मी फुलं काढली. माझ्या फोनमधले चांगले म्हणावेत असे सगळे फोटो तिच्या या एका वाक्यावर उभे आहेत.

मग दिवाळीच्या आसपासची ती सकाळ. बांधाच्या कडेला एक इवलंसं निळं फूल होतं, त्याचं नाव मला अजून माहीत नाही. वाऱ्यानं ते हलायचं थांबेना, म्हणून मी कंटाळून मान वर केली आणि मागं वळले. सासूच्या अगदी समोर, मधे धानाची एक बांधी सोडून, रानगवा उभा होता. भला थोरला, एकटा, सकाळच्या उन्हात लखलखीत. गव्याच्या पायांना असतात ते पांढरे मोजे माझ्या जागेवरून मोजता आले असते. सासू थेट त्याच्याकडे तोंड करून तंबाखू मळत होती. चेहऱ्यावर काही नाही. चुना जास्त झाला असावा तसं तिनं बोट पुसलं आणि मळत राहिली.

मला कळलं, पण मान्य करायला थोडा वेळ लागला. मी हळूच उठले, तिचं कोपर धरलं आणि आवाज न करता तिला मागं मागं नेलं. ती एवढंच म्हणाली, "झालं का फूल?" गवा आमच्याकडे बघत उभाच राहिला.

घरी आल्यावर माझा तोल सुटला. राग होता, भीती होती, आणि सगळी तिच्यावर निघाली.

"किती दिवसांपासून दिसत नाई तुम्हाले?"

"सावली दिसते. जवळचं दिसते जराजरा."

"मंग सांगतलं काऊन नाई? काई आलं असतं त?"

ती पायरीवर बसली, पदरानं डोळे पुसले. डोळ्यांत पाणी होतं की सवय होती, मला सांगता येणार नाही.

"सांगतलं असतं त तू घराबाहेर निंगाली असती का? त्याच्या मागं कोणी नव्हतं. तुह्या मागं कोणीतरी पाह्यजे होतं, बाई. मले दिसो का न दिसो."

मी मोठ्यानं रडले. नवरा गेला तेव्हाही अशी रडले नव्हते.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून टाकून टिकवायची, तीही किती टिकेल कोण जाणे. येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मला विचारत राहिली, बाहेर काय आलं. मला सांगता येत नव्हतं, कारण मी बाहेर बघतच नव्हते.

रविवार बंद पडले. फाल्गुनात मोह गळू लागला, वास घरात येऊ लागला. आमचं झाड तेच, नवऱ्याचं. तो गेल्यानंतरच्या मोसमात तिकडं कोणी फिरकलं नव्हतं. एका सकाळी सासू टोपली घेऊन दारात उभी.

"त्याचं झाड हाय. फुलं सडून राह्यली. वेचाले डोळे नाई लागत मले."

मी फोन घेतला, भिंगही घेतलं. झाडाखाली पोचलो. ती बसली, तळवे जमिनीवर फिरवू लागली, आणि बोटांना फूल लागलं की टोपलीत. फुलं पिवळसर, ओली, रसानं फुगलेली होती. असा फोटो मला पुन्हा मिळणार नव्हता. हात खिशाकडे गेलाही.

पण ती वाकली होती.

मी तिच्या मागं गेले, काठी घेतली आणि तोंड जंगलाकडे केलं. झाडांची काळी रांग जिथल्या तिथं होती, एकेक खोड स्पष्ट. मी डोळे मिटले नाहीत.

मागून तिचा आवाज आला, "बाई, आहेस ना?"

"मी आहो, आई. तुम्ही वेचा."