आदर्शच्या दारावरची बेल

दिलसुखनगरच्या आदर्शला भारी घाई. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत याचा होकार तयार! "आदर्श, जरा बाजारातून..." एवढं केसरबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, म्हणायची खोटी, "हो माय, आणतो," करत पठ्ठ्या जिना उतरलेला. काय आणायचं, ते बेगम बाजारात पोचल्यावर फोन करून विचारायचं. माउली कपाळाला हात लावायची.

पोटापाण्यासाठी हा बाबा वाय-फायच्या बेलांचे प्रोग्राम लिहायचा. त्यातलीच एक बेल त्यानं घराच्या दाराला लावली होती. बॅटरी वाचवायला ती झोपून असायची. बटण दाबलं की जागी व्हायची, घरातल्या राउटरला "मला आत घे" म्हणायची, त्याच्याकडून गुप्त किल्ली घ्यायची आणि मग त्याच्यामार्फत आत घंटा वाजवायची. म्हणजे वाजवायला हवी होती. कधी वाजायची, कधी ढिम्म. छडा लावायला आदर्शनं तिला लॅपटॉप जोडला आणि प्रत्येक पाऊल पडद्यावर लिहून दाखवायला लावलं, तर बया दरवेळी वाजायला लागली! लॅपटॉप काढला की पुन्हा मुकी. डोकं आपटून थकला, तेव्हा यानं काय करावं? लॅपटॉप दाराशी तसाच ठेवला आणि ऑफिसात सांगून मोकळा, "हौ, हो गया!"

अशात सूर्यभानराव लग्नाचं पक्कं करायला यायचे ठरले. त्यांची लेक प्रियदर्शिनी अफझलगंजच्या बँकेत नोकरीला होती. तिच्यावर आदर्शचा जीव जडला होता, तिचाही याच्यावर. पण तिनं बजावलं होतं, "बाबा नाही म्हणाले तर मी येणार नाही." आणि बाबा तर मानापानाचे भलतेच पक्के.

रविवारी सकाळी केसरबाईनं घर घासूनपुसून काढलं. आदर्श दाढी करत होता.

"आदर्श, दाराजवळचा तो लॅपटॉप..."

"हो हो, माय!"

झालं. लॅपटॉप वायरीसकट कपाटात.

पाहुणे आले. सूर्यभानरावांनी बेल एकदा दाबली. दुसऱ्यांदा दाबणं म्हणजे गयावया करणं, असं त्यांचं मत. आत केसरबाई चहा उकळतेय, आदर्श कॉलर सारखी करतोय, आणि दार बंद! इतक्यात त्याचा फोन वाजला. प्रियदर्शिनी रडकुंडीला आली होती. "दार का उघडत नाही? बाबा खाली निघाले!"

आदर्श अनवाणी धावला. मागून केसरबाई ओरडत होती, "लॅपटॉप उचलू का विचारत होते रे! मी पुरतं बोलायच्या आत हो म्हणालास!"

जिन्यातच त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बेल तेच करत होती! राउटरनं नुसती मान हलवली की किल्ली हातात यायच्या आधीच ओरडायची. बिनकिल्लीचं ओरडणं राउटर कशाला ऐकतो, द्यायचा फेकून. लॅपटॉप असला की लिहिण्यात हिचा वेळ जायचा, तेवढ्यात किल्ली यायची. आपली बेल अगदी आपल्यावर गेली, हे कळून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सूर्यभानरावांचा एक पाय रिक्षात होता.

"जयभीम काका! बेल वाजलीच नाही हो!"

"तूच बनवलीस ना?"

"हो. चूक माझीच आहे."

म्हातारा घुश्शातच वर आला. चहाची बशी हातात घेऊन म्हणाला, "पोरीच्या बाबतीत माझं एक म्हणणं आहे..."

आदर्शच्या ओठांवर 'हो' आलाच होता. त्यानं तो गिळला. सूर्यभानरावांनी चहा फुंकला, घोट घेतला, मिशा पुसल्या.

"...ती नोकरी सोडणार नाही. आणि तिचं बोलणं कुणी मध्येच तोडलेलं मला खपणार नाही."

आदर्श अजून त्यांच्या तोंडाकडेच बघत होता.

"अरे, बोल की आता!"

"संपलं का तुमचं, काका?" आदर्शनं भीत भीत विचारलं.

प्रियदर्शिनीला हसू आवरेना. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "बाबा," ती म्हणाली, "हा थांबला हो!"