बिश्त, कोकम आणि अस्सल व्हॅम्पायर

हे बघा, आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर सांडेल. बहारीनच्या आमच्या मराठी मंडळासमोर मी स्वतःची जी शोभा करून घेतली ना, ती फक्त एका गोष्टीपायी. जळफळाट!

मंडळात दरवर्षी गोष्टींची संध्याकाळ असते. यंदाचा विषय, ‘व्हॅम्पायर आला कुठून?’ बोलणार कोण? तर वसईचा इग्नेशियस. उंच, गोरापान, सडसडीत. नोकरी कसली? हॉस्पिटलात लोकांचं रक्त काढायची! आणि त्याच्या मदतीला कोण? आमची सुनंदा.

झालं! रोज अमवाजला त्याच्या घरी तालीम. तिथे त्याची बायको असते म्हणे, चहाही तीच करते म्हणे. पण मला पटायला हवं ना!

‘‘अहो, इग्नेशियसनं काय काय वाचलंय!’’ सुनंदा घरात शिरताच सुरू व्हायची.

‘‘मी वाचत नाही? व्हॉट्सॲपवर आलेलं शेवटपर्यंत वाचतो मी!’’

‘‘तो मला ताई म्हणतो हो.’’

‘‘म्हणू दे. म्हणायला काय जातंय त्याचं?’’

त्यात घरातला लसूण गायब. बिनलसणाची आमटी खाल्लीय कधी? विचारलं तर म्हणे, व्हॅम्पायर लसणाला घाबरतो, स्टेजवर माळा लावायच्यात. माझ्या ताटातला लसूण त्याच्या स्टेजला! सांगा, माणसानं किती सोसायचं?

‘‘आणि व्हॅम्पायर कोण होणार?’’ मी विचारलं.

‘‘अजून कुणी मिळालं नाही,’’ ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली. मी काय समजायचं ते समजलो. तो गोरा खांबच होणार! मग ठरवलं, ऐन कार्यक्रमात आपणच व्हॅम्पायर बनून स्टेजवर चढायचं. रुबाबदार, काळ्या झग्यातला. बघू दे सुनंदाला!

झग्यासाठी ऑफिसातल्या युसूफकडे बिश्त मागितला. इथले अरब लग्नाकार्यात खांद्यावरून सोडतात ना, तो पायघोळ झगा.

‘‘किसका शादी है?’’ युसूफनं विचारलं.

‘‘मेरा ही बचाना है!’’

‘‘यल्ला, ले जाओ!’’

ओठांना रक्त हवं म्हणून कोकमाचं आगळ लावलं. इथवर सगळं झकास. पण माहूजमध्ये हॉलजवळ पार्किंग मिळेल तर शपथ! गाडी लांब लावली आणि ऑगस्टच्या त्या दमट उकाड्यात बिश्त सावरत पळत सुटलो. घामानं कोकम हनुवटीवरून शर्टावर. तोंड टोमॅटो. बिश्त पुढून उघडा, त्यातून पोट माझ्याआधी हॉलमध्ये शिरलं.

आत इग्नेशियस रंगात आला होता. ‘‘...तो देखणा, फिकट, काळ्या झग्यातला सरदार लेखकांनी नंतर रंगवला हो! त्याआधी पूर्व युरोपातल्या खेड्यांत लोक घाबरायचे ते गावातल्याच साध्या माणसाला. मेलेल्याचं थडगं उकरलं की प्रेत फुगलेलं, लालबुंद, तोंडाशी रक्त. प्रेत सडताना असं होतं, हे त्यांना कुठे ठाऊक? त्यांना वाटायचं, हा रात्री उठून रक्त पितो. आणि पहिला त्रास कुणाला? घरच्यांनाच! आता तुम्ही म्हणाल, तो दिसायचा कसा...’’

‘‘मी आलोय!’’ मी दारातून गर्जना केली.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मग असा हशा उसळला की विचारू नका! इग्नेशियस हात जोडून म्हणाला, ‘‘सुनंदाताई, अहो, आपल्याला कुणी मिळत नव्हतं, आणि हा अस्सल नमुना तुमच्या घरातच?’’

‘‘मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं,’’ सुनंदा डोळे पुसत म्हणाली. ‘‘पण यांना फुगलेलं प्रेत व्हा असं सांगायचं कोणी?’’

टाळ्या मात्र मलाच जास्त पडल्या हं! परतताना गाडीत मी हळूच विचारलं, ‘‘खरं सांग, तुला तो सरदार आवडतो ना?’’

‘‘छे! तो कुणाच्याही खिडकीतून शिरतो. खेड्यातला बिचारा मेल्यावरसुद्धा बायकोकडेच येतो. मला आपला तोच बरा.’’

काय सांगू तुम्हाला, जळफळाट खलास! खुशीत शीळ घालत बिश्त घडी करून ठेवला आणि झोपायला गेलो.

बेडरूमचं दार बंद. आणि कडीला, आमच्याच स्वयंपाकघरातल्या लसणाची भली मोठी माळ.