गोचिडाचं नशीब

जनावरातलं मला जेवढं कळतं, तेवढं आमच्या गावात कुणालाच कळत नाही. फक्त म्हैस मला बघितलं की लाथ झाडते, आणि ती म्हैसही सासऱ्यांची आहे.

काल दुपारी बायको गोठ्यात म्हशीच्या कानामागचे गोचीड काढत होती. बोटांनी हळूच चाचपायची, एकेक उपटायची आणि रॉकेलच्या वाटीत टाकायची. म्हैस आपली डोळे मिटून उभी. मी दारात उभा राहून जळत होतो. लग्न झाल्यापासून माझ्या कानामागून काही असा हात फिरला नाही.

गुरांचे डॉक्टर मागं सांगत होते, गोचिडाचं पिल्लू गवताच्या शेंड्यावर पाय पसरून वाट बघतं. जनावर आलं की चिकटतं, रक्त पितं, खाली पडतं, कात टाकतं आणि मग दुसरं जनावर धरतं. काही जातींना तर जन्मभरात तीन जनावरं लागतात. मला आपलंच आठवलं. आधी बाप, मग थोरला भाऊ, आता सासरे. तरी मला त्या गोचिडाचा हेवा वाटला. त्याला शोधायला कुणीतरी एवढं मन लावून बसतं. मी दिवसभर पारावर पडलेला असतो, तर कुणी हाकसुद्धा मारत नाही.

न राहवून म्हणालो, "माझ्यापेक्षा तो गोचीड बरा गं!"

वर न बघताच बायको म्हणाली, "बराच की. पोट भरलं की तो आपणहून खाली पडतो."