भिंतीखालची विहीर

मालदीवच्या माले शहरात कुणाचं तोंड चुकवायचं म्हणजे अंगात कसबच लागतं. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत चालत जायला अर्धा तास पुरतो, आणि तेवढ्यात सोडलेला नवरा, त्याची नवी बायको आणि तिचा भाऊ असे तिघं तरी समोरून येतातच. तरीही हंधुवरीगे या घरातल्या वस्फियानं सख्ख्या धाकट्या बहिणीच्या, मुफीदाच्या, नजरेला सव्वीस वर्षं नजर दिली नव्हती. आणि दोघी राहत होत्या एकाच घरात, मधल्या भिंतीच्या अल्याड आणि पल्याड.

भिंत घातली त्यांच्या बापानं. तेव्हा गल्ल्यांमध्ये पांढरी वाळू होती, बायका सकाळी ती झाडून काढत, आणि घरांच्या भिंती प्रवाळाच्या दगडांच्या होत्या. म्हाताऱ्यानं जिवंतपणीच घराचे दोन सारखे भाग केले. पण विहीर होती नेमकी मधोमध. मग भिंत विहिरीवरूनच नेली आणि खाली कमान ठेवली. अर्धी विहीर थोरलीची, अर्धी धाकटीची. पाणी एक राहिलं की मुलीही एक राहतील, असं त्याला वाटलं. भाबडा माणूस. वाटणीला वर्ष व्हायच्या आत तो गेला, आणि वस्फियाला पहिल्यांदाच वाटलं की विहिरीचा तळ तिकडून जरा जास्तच ढवळला जातोय.

संशय तिच्या स्वभावातच होता, हे तिचे हितचिंतकही मान्य करतील. बाजारात ती टुना माशाचे कल्ले उघडून बघायची आणि मग कोळ्याचं तोंडही तितकंच निरखायची. शेजारीण गरम गुळ्हा, म्हणजे माशाचे तळलेले गोळे, घेऊन आली तर "आधी तू एक खा, मला एकटीला घास जात नाही," असं म्हणायची. शेजारणीला ते प्रेम वाटायचं. अंगणातलं विलायती फणसाचं झाड वाळलं, ते मुफीदामुळे. नवरा आदम दक्षिणेच्या बेटावर जाऊन दुसरं लग्न करून बसला, तेही मुफीदामुळे. आमच्या शहरात काडीमोड सर्दीपडशासारखा होतो, त्याला करणी कुणी कशाला करील? पण हे तिला सांगणार कोण?

आणि या सगळ्याच्या बुडाशी एक गोष्ट होती. ती मात्र थट्टेची नव्हती. वाटणीनंतरच्या वर्षी वस्फियाला मुलगी झाली, ती मेलेली. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तीन गर्भ गळल्यानंतर, पुरे नऊ महिने भरून. वस्फिया तीन दिवस रुग्णालयात बेशुद्ध होती. घरी आली तेव्हा पाळणा माळ्यावर गेला होता आणि पोर मशिदीशेजारच्या वाळूत. पोरीचं तोंडसुद्धा तिनं पाहिलं नाही. त्याच आठवड्यात कुणीतरी तिच्या कानात सांगितलं, पत्र्यावर आकडे कोरून, लाल दोरा गुंडाळून पाण्यात टाकला की पोटातलं मूल टिकत नाही. कुणाच्या पाण्यात, हे सांगायची गरजच नव्हती. त्या दिवसापासून हंधुवरीगेच्या या अर्ध्या भागात मुफीदाचं नाव काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

शहर वाढत गेलं. खडकाळ उथळ समुद्रात भर घालून नवी जमीन झाली, वाळूच्या गल्ल्यांवर सिमेंटचे ठोकळे बसले, विहिरींना मचूळ घाण वास येऊ लागला आणि घरोघर समुद्राचं गोडं केलेलं पाणी नळाला आलं. एकदा तो नळही काही दिवस बंद पडला. सगळं शहर बाटल्यांसाठी रांगेत उभं होतं. वस्फिया मात्र कमानीशी कान देऊन बसायची. पलीकडे दानी, म्हणजे लांब काठीला बांधलेला डबा, पाण्यात बुडल्याचा आवाज आला, मुफीदानं भांडी घासली, पाय धुतले, तरी ती धडधाकट आहे अशी खात्री पटली, की मग ही आपली दानी सोडायची. तेही फक्त संडासात ओतायला.

आता दोन्ही बाजूंना बारा-बारा मजले उभे राहिले होते आणि 'चांदण्याचं घर' या नावाच्या त्या घरात दुपारी दोनलाही दिवा लावावा लागे. एक बांधकामवाला आला. दोन्ही भाग एकत्र केले तर इमारत उठते, दोघी बहिणींना घरं मिळतात, पण सही दोघींचीच हवी. मध्यस्थी करायला आली नश्वा, मुफीदाची मुलगी, बँकेत काम करणारी, धीराची पोरगी.

"बोडुदात्ता, आईनं सही केली," ती म्हणाली. मोठ्या मावशीला ती असंच हाक मारायची, आणि वस्फियानं तेवढं एक नातं कसंबसं चालू ठेवलं होतं.

"इतक्या लवकर? मग नक्कीच काहीतरी आहे."

"काही नाही. पाय दुखतात तिचे, लिफ्ट हवीय."

"मी पण करीन. पण आधी विहीर उपसायची. माझ्यासमोर. तळाची वाळू लागेपर्यंत."

"आणि काही सापडलं तर?"

"तर सही नाही. मग चार लोकांसमोर सांगीन काय सापडलं ते."

सापडलं नाही तर काय, हे नश्वानं विचारलं नाही, आणि वस्फियाच्या मनात तो प्रश्न कधी आलाच नव्हता.

शनिवारी सकाळी मोनीर आला. हा बांगलादेशी कामकरी, सोबत पंप. आधी त्यानं विहिरीवरची भिंत पाडली. धूळ खाली बसली आणि पलीकडच्या काठावर मुफीदा खुर्ची टाकून बसलेली दिसली. केस पार पांढरे. वस्फियाला तिचं म्हातारपण लांबून माहीत होतं, इतक्या जवळून नाही. ती लगेच पाण्याकडे बघू लागली.

विहीर जेमतेम पुरुषभर खोल. पंप घुरघुरत राहिला. गाळातून दोन गंजलेले डबे निघाले, एक चप्पल, फुटका पेला, बापाच्या अडकित्त्याची एक मूठ. दर वस्तूला वस्फिया म्हणायची, "नीट बघ, दोरा आहे का?" मोनीर ती वस्तू धुऊन वर धरायचा. मग पांढरी वाळू लागली.

"संपलं, ताई. काही नाही," तो म्हणाला.

"अजून खण."

त्यानं खणलं. वाळूतून पाणी झिरपू लागलं, स्वच्छ.

"अजून एक हात खणू दे त्याला," पलीकडून मुफीदा म्हणाली.

वस्फियानं मान वर केली. "तुला कशाला?"

"मलाही बघायचंय."

"काय बघायचंय?"

"तू काय टाकलं होतंस ते. नश्वाच्या बापाची, हसनची होडी परत आली नाही, त्या साली."

नश्वा आईकडे बघतच राहिली. मोनीरनं फावडं खाली ठेवलं.

"मी काही टाकलं नाही," वस्फिया म्हणाली.

"मग मी टाकलं होतं का?"

वस्फियानं पुन्हा खाली पाहिलं. सव्वीस वर्षं तिच्या पोरीच्या मरणाला एक नाव होतं, पत्ता होता, भिंतीपलीकडे पावलं वाजायची. रागावायला कुणीतरी होतं. आता खड्ड्यात नुसती वाळू होती. ती विहिरीच्या काठावरच बसली.

"मग ती गेली कशानं?" हा प्रश्न तिनं आजवर कुणालाच विचारला नव्हता.

"नाळ गळ्याभोवती बसली होती. डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं."

"तुला काय माहीत? तू आली तरी होतीस?"

"आले होते. तू शुद्धीवर नव्हतीस. आदमच्या हातून होईना, म्हणून तिला घरी आणून मीच आंघोळ घातली." मुफीदानं खालच्या खड्ड्याकडे हात केला. "याच पाण्यानं. कोमट करून."

वस्फियानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत अजूनही संशय होता, कारण जन्माची खोड एका सकाळीत सुटत नाही. हे खोटं तर नसेल? पण खोटं बोलून हिला मिळणार काय होतं? सही तर तशीही झाली असती.

"कशी होती?" तिनं शेवटी विचारलं.

"केस होते भरपूर. ओले झाले की कपाळाला चिकटत होते," मुफीदा म्हणाली. "आणि नाक तुझं. मी तेव्हाच म्हटलं, ही पण सगळं हुंगून हुंगूनच खाणार."

वस्फियाला हसू आलं, आणि त्या हसण्यातच ती रडू लागली, मोठ्यानं, चार लोकांसमोर.