तीनदा जाजो

"मी बदलून राहिलो बाबू. वेळ लागते."

लेथवरचा जॉब बिघडला की काका एवढंच म्हणायचे. पण त्याआधी त्यांचा हात वर जायचा, आणि त्या हातात पाना असायचा. मग हात हवेतच थांबायचा, डोळे मिटायचे, ओठ हलायचे, आणि पाना हळूच बाकावर उतरायचा. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही माझ्यासारखेच दोन पावलं मागं सरकला असता.

वरठीला कारखान्याबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये काका लेथ चालवायचे आणि मी वेल्डिंग करायचो. मी जतकडचा. नववीतून शाळा सोडलेली, घर सोडून सहा वर्षं झालेली. कोणी जरा मोठ्यानं बोललं तरी मी दाराकडं बघायचो. काकांनीच मला खोली बघून दिली, आणि पहिला महिनाभर डबाही त्यांच्याच घरचा.

काका ज्यू होते. त्यांचे आजोबा कोकणातून रेल्वेच्या नोकरीनं इकडं आले. काका मात्र पक्के इकडचेच. शनिवारी ते कामाला हात लावत नसत. त्याबदली रविवारी एकटेच येऊन लेथ चालवायचे. नवीन माणूस त्यांना कधी चाचा म्हणायचा, कधी फादर. ते म्हणायचे, "दोन्ही नाई. पन हाक मारली त येतो."

"तुमचे इथं किती लोक आहेत, काका?"

"प्रार्थनेले दहा मानसं लागते. नऊ कमी आहेत."

हसत सांगायचे, पण सांगून झाल्यावर जरा वेळ रस्त्याकडं बघत राहायचे.

स्टेशनसमोर एक पानठेला आहे. ठेलेवाल्याच्या भुवईवर जुना व्रण आहे. तो काकांच्या पान्याचा. पूर्वी दोघं एकाच वर्कशॉपमध्ये होते आणि काकांचा राग सगळ्या वरठीला माहीत होता. त्या दिवशी रक्त बघून काका घरी गेले आणि वडिलांचं प्रार्थनेचं पुस्तक पेटीतून काढलं. पन्नाशीत ते त्यातली लिपी उजवीकडून डावीकडं वाचायला शिकले. "आमच्यात मानसाले परत फिरता येते," ते म्हणायचे. "कितीबी दूर गेला तरी. मले हे लहानपनीच सांगतलं होतं. मी आयकलंच नाई."

दर वर्षी त्यांच्या मोठ्या उपासाआधी काका ठेल्यावर जायचे. एकदा मी सोबत होतो.

"माफ कर बे."

"अबे, किती वेळा माफ करू तुले? मागच्या साली केलं ना!"

"ते मागच्या सालचं. या साली दोनदा तुले येडा म्हटलं."

"दोनदा? मी त एकदाच आयकलं."

"दुसऱ्यांदा मनात म्हटलं."

ठेलेवाल्यानं कपाळावर हात मारला आणि दोघांना पान लावून दिलं.

त्यांच्या उपासाचा माझा पहिला अनुभव मात्र लाजिरवाणा आहे. मला काही माहीत नव्हतं. काका कामाला आले नाहीत म्हणून दुपारी घरी गेलो, तर दार बंद. हाका मारल्या, थापा मारल्या, उत्तर नाही. माझ्या मनात नको ते आलं. शेजारचे दोघं बोलावले आणि खांद्यानं दार लोटून कडी तोडली. आत काका पांढऱ्या कपड्यांत, हातात पुस्तक घेऊन उभे. त्यांनी फक्त हातानं, जा, असं केलं.

त्या सणाला त्यांच्यात दारफाळणीचा सण म्हणतात. दार लावून, उपाशी राहून, दिवसभर देवापुढं आपल्या चुका मांडायच्या. मी नेमकं तेच दार तोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीवर आले. डब्यात गोड पुऱ्या. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनीच हात जोडले. "तुले सांगून ठेवाले पाहिजे होतं. तू घाबरला. माफ कर."

माझी माफी आजवर कोणी मागितली नव्हती. मी रडायलाच लागलो, आणि कोणाला न सांगितलेलं सांगून बसलो. वडिलांमागं दादानंच मला वाढवलं. शाळा सोडली म्हणून तो बोलला, तेव्हा मी त्याच्या हातावर लोखंडी पाइप घातला. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली. मी त्याच दिवशी पळालो. देवाजवळ रोज माफी मागतो, असंही सांगितलं.

काका म्हणाले, "देव देवाचं माफ करते. दादाचं दादाच करन. आमच्यात तीनदा मागाची रीत आहे. तीनदा जाजो. मनापासून जाजो."

पहिल्यांदा गेलो तेव्हा दादा जेवत होता. ताट तसंच ठेवून रानात निघून गेला. परत आलो तर काकांनी एक बोट वर केलं. "एक झालं."

दुसऱ्यांदा ज्वारीच्या काढणीत गेलो. दादा म्हणाला, "कशाला आलायस? बोटं सरळ करायला?" हे काकांना सांगितलं तेव्हा ते आजारानं अंथरुणावर होते. पडल्यापडल्या दोन बोटं वर केली. "बोलला तरी," म्हणाले. "मागच्या खेपी तेबी नव्हतं."

तिसऱ्या खेपेआधीच काका गेले. पनवेलहून भाचा आला आणि त्यांना गाडीतून घेऊन गेला. तिकडं त्यांच्या लोकांची दफनाची जागा आहे, दहा माणसंही जमतात, म्हणाला. ठेलेवाला गाडीच्या काचेला हात लावून उभा होता. "अबे, या साली कोन येईन माह्याकडं?" एवढंच पुटपुटला.

महिन्याभरानं मी जतला गेलो. दादा म्हशीची धार काढत होता. वाकडी बोटं बाजूला ठेवून तीन बोटांनी. मी माफी मागितली. तो वर न बघता म्हणाला, "वासराला धर."

मी वासरू धरलं. धार संपली, बादली बाजूला ठेवली, तेव्हा त्यानं विचारलं, "हे सारखं सारखं यायचं कुणी शिकवलं रं तुला?"

मी सगळं सांगितलं. लेथ, पाना, तोडलेली कडी. कडी तुटल्याचं ऐकून दादा हसला. घर सोडल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. फक्त शेवटचं तेवढं माझ्या तोंडून निघेना.

"भला माणूस दिसतोय," दादा म्हणाला. "घिऊन ये की एकदा इकडं."

"आणतो," मी म्हणालो.