रॅम्पचं उद्घाटन

आमच्या चिखलोलीच्या इमारतीत लिफ्ट आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला चार पायऱ्या चढाव्या लागतात. मी व्हीलचेअरवर. ऑफिसातून आले की वॉचमन आणि पार्किंगमध्ये सापडेल तो, असे दोघं मला खुर्चीसकट उचलून वर ठेवत. मला एवढंच हवं होतं, की कुणालाही हाक न मारता स्वतःच्या घरी जाता यावं.

सोसायटीला अर्ज दिला. कायद्यातले शब्द मुद्दाम घातले: सुगम्यता, वाजवी सोय, हक्क. सेक्रेटरी कळवळून म्हणाले, "ताई, हक्कबिक्क कशाला? आम्ही आहोत ना उचलायला!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. उचलणाऱ्याची पाठ, त्याची वेळ, त्याचा मूड, सगळं मी सांभाळायचं आणि वर हसून थँक्यू म्हणायचं. हक्काच्या गोष्टीला थँक्यू लागत नाही, म्हणून तर तो शब्द हवा होता.

वर्षभर भांडले, तेव्हा रॅम्प झाला. चेअरमननी तो स्वतःच्या आईच्या स्मरणार्थ बांधून दिला, म्हणून चकचकीत ग्रॅनाइटचा. वर पाटी: 'दिव्यांग बंधुभगिनींच्या सेवेसाठी सप्रेम भेट'. उतार केवढा हवा, हे मला कुणी विचारलंच नाही. एका गाडीची जागा वाचवायला तो घसरगुंडीसारखा उभा केला होता.

उद्घाटनाला शाल, श्रीफळ, पेढे. वरच्या टोकाला लाल फीत, ती माझ्या हस्ते कापायची. मी चाकं रेटली. अर्ध्यावरून खुर्ची मागे घसरली. वॉचमनने धरली म्हणून वाचले. "अरे उचला, उचला! मुहूर्त टळतोय!" कुणीतरी ओरडलं. आणि चौघांनी मला उचललं. पायऱ्यांवरून. रॅम्पच्या उद्घाटनाला! वर टाळ्या.

हातात दिलेली कात्री मी चेअरमनना परत केली. म्हटलं, "हा मला चढता येत नाही. तोडा, आणि पुन्हा बांधताना आधी मला विचारा."

"एवढं करून वर नावं ठेवते," मागून आवाज आला.

पुढची सभा पार्किंगमध्येच झाली. सेक्रेटरींनी इतिवृत्त वाचलं: 'उद्घाटनप्रसंगी आमच्या भगिनी भावुक झाल्या.' मी वही ओढून घेतली, ते वाक्य खोडलं आणि लिहिलं: 'सदस्येला रॅम्प चढता आला नाही. वाजवी सोय मिळालेली नाही.' खाली सही केली.

सभा संपल्यावर त्याच चौघांनी मला उचलून लिफ्टपाशी ठेवलं. मी थँक्यू म्हटलं नाही.